कंपॅटिबिलिटी लेयर मॅकवर नेताना: कोणता नेटिव्ह एपीआय धरायचा, कोणता सोडायचा

वाइन हे सॉफ्टवेअर १९९३ पासून एकच काम करत आलं आहे. विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रामने मारलेली हाक मध्येच झेलायची आणि खालच्या सिस्टीमकडून ते काम करून घ्यायचं. अशा सॉफ्टवेअरला कंपॅटिबिलिटी लेयर म्हणतात. सिस्टीमकडे काम मागायच्या तिच्या ठरलेल्या फंक्शनांचा संच म्हणजे एपीआय, आणि खालच्या सिस्टीमचा स्वतःचा तो नेटिव्ह. या लेखात मी वरच्या प्रोग्रामला पाहुणा म्हणेन आणि खालच्या सिस्टीमला यजमान, कारण सगळी भांडणं शेवटी पाहुण्याच्या सवयी यजमानाच्या घरात कशा बसवायच्या याचीच असतात. आणखी एक, विंडोज ही सिस्टीम आणि पडद्यावरची विंडो यांत घोळ नको म्हणून दुसरीला खिडकी म्हणतो.

लिनक्सवर चालणारा असा लेयर मॅकवर न्यायचं काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हे लिहितोय. सी भाषा येते आणि थ्रेड म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं गृहीत धरलंय. ऑब्जेक्टिव्ह-सी येत नसेल तरी चालेल, आठवड्याभरात वाचण्यापुरती येते.

पायरी १: यजमानाकडे काय मागायचं ते आधी कागदावर लिहा

नवखा माणूस इथेच पहिली चूक करतो. पाहुण्याच्या प्रोग्राममध्ये बटणं, मेनू, स्क्रोलबार दिसतात, म्हणून तो यजमानाची बटणं, मेनू आणि स्क्रोलबार शोधायला लागतो. कुणी क्यूटी किंवा जीटीके या तयार बटणं-मेनू देणाऱ्या लायब्रऱ्यांवर सगळं बसवू पाहतो. ते जमत नाही. विंडोजमध्ये बटण हीसुद्धा एक खिडकीच असते. तिला स्वतःचा हँडल (ओळख क्रमांक) असतो, तिला मेसेज पाठवता येतात, आणि कितीतरी प्रोग्राम त्या बटणाची विंडो प्रोसीजर (आलेले मेसेज हाताळणारं फंक्शन) बदलून त्याला स्वतःच्या पद्धतीने रंगवतात. यजमानाच्या बटणाला हे खेळ माहीतच नसतात. म्हणून वाइन बटणं स्वतः रंगवतं.

मग यजमानाकडे मागायचं काय? एक कोरी खिडकी, तिच्यात पिक्सेल ओतायची सोय, माउस आणि कीबोर्डचे इव्हेंट, कर्सर, क्लिपबोर्ड, आवाज, पडद्यांची यादी, थ्रीडी ग्राफिक्स. जवळपास एवढंच. यादी लहान निघाली की निवड सोपी होते, कारण वरच्या थरातले देखणे एपीआय आपोआप बाद होतात. नियम म्हणून सांगायचं तर यजमानाचा मालक ज्याला अजून अधिकृत आधार देतो, त्यातला सगळ्यात खालचा थर धरायचा. या वाक्यातला ‘अजून’ सगळ्यात महत्त्वाचा. तो विसरला की काय होतं ते पायरी ३ मध्ये येईल.

पायरी २: यजमानाची नावं एकाच खोलीत कोंडा

एपीआय निवडण्याआधी त्याला ठेवायची जागा बांधा. वाइनमध्ये हे काम ड्रायव्हर करतात. पडद्यासाठी एक्स११ चा एक ड्रायव्हर, मॅकचा दुसरा, वेलँडचा तिसरा (एक्स११ आणि वेलँड या लिनक्सवर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती). आवाजासाठी लिनक्सचे अल्सा आणि पल्सऑडिओ, मॅकचा कोअर ऑडिओ असे वेगळे. वरचा कोड फक्त ‘खिडकी बनव’, ‘खिडकी हलव’, ‘क्लिपबोर्ड दे’ अशा फंक्शन पॉइंटरच्या तक्त्याशी बोलतो. यजमानाचं एकही नाव त्या तक्त्याच्या वर दिसता कामा नये.

याचा फायदा पहिल्या वर्षी कळत नाही. उलट कटकट वाटते. पण तुम्ही आज निवडलेला एपीआय कधीतरी जाणार आहे, आणि त्या दिवशी एक फोल्डर नव्याने लिहायचा की सगळा प्रकल्प, हे या पायरीवर ठरतं.

पायरी ३: उमेदवार मांडा, आणि ओळखीच्या चेहऱ्याला भुलू नका

मॅकच्या बाबतीत उमेदवार तीन होते.

पहिला एक्स११. लिनक्सवरचा ड्रायव्हर तसाच चालतो, काम शून्य. ॲपलही काही काळ स्वतःचा एक्स११ सर्व्हर देत असे. २०१२ मध्ये मॅकची माउंटन लायन ही आवृत्ती आली तेव्हा तो सिस्टीममधून निघाला आणि एक्सक्वार्ट्झ हा वेगळा प्रकल्प वापरणाऱ्याने स्वतः बसवायचा झाला. शिवाय अशा खिडक्या मॅकवर परक्या दिसतात. डॉकमध्ये प्रोग्रामऐवजी एक्सक्वार्ट्झचं चिन्ह, मेनूबारमध्ये त्याचाच मेनू. तात्पुरती सोय म्हणून एक्स११ उत्तम, मुक्कामाला नाही.

दुसरा कार्बन. इथे मोह पडायचा. जुन्या मॅक ओएसवरचे प्रोग्राम नव्या मॅक ओएस एक्सवर आणता यावेत म्हणून ॲपलने कार्बन दिला. सी भाषा, हँडल, इव्हेंट आला की बोलवायचं फंक्शन नोंदवायचं. विंडोजचा एपीआय ज्याने पाहिलाय त्याला माहेरी आल्यासारखं वाटावं. विंडो प्रोसीजरच्या जागी इव्हेंट हँडलर ठेवला की निम्मं पोर्टिंग झाल्यासारखं दिसे. २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले आणि विंडोजचे प्रोग्राम एमुलेटरशिवाय तिथे चालवणं शक्य झालं, त्या वेळी कार्बन धरावासा वाटणं स्वाभाविक होतं.

२००७ मध्ये ॲपलने जाहीर केलं की कार्बनचा पडद्याशी संबंधित भाग ६४ बिटमध्ये येणार नाही. २०१२ मध्ये कार्बनवर डेप्रिकेटेडचा (म्हणजे ‘नव्या कामात वापरू नका, पुढे जाणार आहे’ असा) शिक्का बसला. २०१९ मध्ये कॅटालिना या आवृत्तीने ३२ बिटचे प्रोग्राम चालवणंच बंद केलं आणि कार्बनवरच्या खिडक्या कायमच्या मिटल्या. २००६ ला सोपा रस्ता घेतलेल्याच्या हातात एका वर्षात बंद गल्लीची पाटी होती.

तिसरा कोको. नेक्स्टस्टेप या जुन्या सिस्टीममधून आलेला, ऑब्जेक्टिव्ह-सी मधला, आणि विंडोजच्या मानाने पार वेगळ्या वळणाचा. त्याच्या क्लासच्या नावांपुढचं ‘एनएस’ त्याच घराण्याची खूण. वाइनने शेवटी हाच धरला. मॅकचा स्वतंत्र ड्रायव्हर २०१३ च्या १.६ आवृत्तीत आला.

यावरून उमेदवार पारखायची माझी रीत अशी. कागदपत्रं किती सुंदर आहेत ते मी बघत नाही. मालकाचे स्वतःचे नवे प्रोग्राम कशावर लिहिले जातात ते बघतो, आणि मागच्या दोन-तीन आवृत्त्यांत त्या एपीआयमध्ये काही नवी भर पडली का ते हेडर फाइलींमध्ये शोधतो. भर थांबली असेल तर डेप्रिकेटेडचा शिक्का यायची वाट बघायची गरज नाही.

पायरी ४: इव्हेंट लूप कुणाच्या मालकीचा?

दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, ही पायरी मात्र सावकाश वाचा.

विंडोजमध्ये प्रत्येक थ्रेडला स्वतःची मेसेजची रांग असते, आणि ती एकामागून एक उपसणारा इव्हेंट लूपही. खिडकी ज्या थ्रेडने बनवली त्याची, आणि तिचे मेसेज त्याच थ्रेडच्या रांगेत येतात. चार थ्रेडनी चार खिडक्या उघडल्या तर चार लूप सुखाने फिरतात. एक्स११ वर हे फार छान बसतं, कारण प्रत्येक थ्रेड सर्व्हरशी स्वतःची वेगळी जोडणी उघडू शकतो. वाइनचा एक्स११ ड्रायव्हर तेच करतो.

कोकोचं घर वेगळं आहे. इव्हेंट फक्त मुख्य थ्रेडवर येतात, खिडक्या तिथेच हाताळायच्या, आणि मुख्य थ्रेड म्हणजे प्रोसेस सुरू झाली तो पहिला थ्रेड. ‘माझ्या सोयीचा दुसरा एखादा’ हे चालत नाही. म्हणून रचना अशी करावी लागते: पाहुण्याचा कोड सुरू व्हायच्या आधी पहिला थ्रेड कोकोच्या स्वाधीन करायचा आणि पाहुण्याचा तथाकथित मुख्य थ्रेड दुसऱ्या थ्रेडवर चालवायचा. पाहुण्याला याचा पत्ता लागत नाही. हे लोडरमध्येच (प्रोग्राम सुरू करणाऱ्या कोडमध्येच) करावं लागतं, नंतर ठिगळ लावून होत नाही.

आता दोन बाजूंत निरोप कसे जातात ते पाहा. पाहुण्याकडून मुख्य थ्रेडकडे जाणारे काही निरोप सोडून द्यायचे असतात: शीर्षक बदल, कर्सर बदल. काहींचं उत्तर हवं असतं: खिडकी बनव आणि तिचा पॉइंटर दे. मुख्य थ्रेडकडून पाहुण्याकडे जाणारं सगळं मात्र रांगेत टाकून मोकळं व्हायचं.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मी सगळेच निरोप ‘मुख्य थ्रेडवर चालव आणि संपेपर्यंत थांब’ अशा पद्धतीने पाठवले. छोटे प्रोग्राम झकास चालले. मग एका खिडकीची कड माउसने ओढली आणि मॅकची ‘थांबा’ सांगणारी रंगीत भिंगरी फिरायला लागली ती थांबेचना. घडलं ते असं. कड ओढताना कोको आपल्या डेलिगेटला (असे प्रश्न घ्यायला नेमलेल्या ऑब्जेक्टला) विचारतो की ही नवी मापं चालतील का. उत्तर तिथल्या तिथे हवं असतं. विंडोजमध्येही पाहुण्याला मापं बदलायचा हक्क असतो, म्हणून मी मुख्य थ्रेडला थांबवून पाहुण्याला विचारलं. पाहुणा त्याच क्षणी शीर्षक बदलत होता, म्हणजे मुख्य थ्रेडची वाट बघत होता. दोघं दारात उभे राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत राहिले.

यावर तीन गोष्टी केल्या. मुख्य थ्रेडने पाहुण्याची बेमुदत वाट कधीही बघायची नाही. विचारायचंच असेल, ड्रॅग करून आणलेली फाइल घेणार का वगैरे, तर सेकंदाच्या अंशाइतकी मर्यादा घालायची आणि तेवढ्यात उत्तर नाही आलं तर ठरलेलं उत्तर द्यायचं. पाहुणा मुख्य थ्रेडची वाट बघत असताना त्याने आपल्याला आलेले असे प्रश्न हातावेगळे करत राहायचं. आणि किमान-कमाल मापं आधीच विचारून ठेवून कोकोला देऊन टाकायची, म्हणजे ओढताना विचारायची वेळच कमी येते.

एक उपखड्डा. कड ओढली जात असताना मॅकचा रन लूप, म्हणजे त्याचा इव्हेंट लूप, वेगळ्या मोडमध्ये जातो. डिफॉल्ट मोडमध्ये लावलेला टायमर तेवढा वेळ गप्प बसतो. पाहुण्याचं ॲनिमेशन फक्त ओढताना थांबत असेल तर आधी इथे बघा.

पायरी ५: हेडर फाइलींना एकमेकींचं तोंड दाखवू नका

विंडोजच्या हेडर आणि मॅकच्या हेडर एकाच सोर्स फाइलमध्ये घेतल्या की कंपायलर ओरडतो. मॅकच्या जुन्या क्विकड्रॉ या चित्र काढायच्या एपीआयमध्ये ‘लाइनटू’ आणि ‘गेटपिक्सेल’ नावाची फंक्शन्स होती, विंडोजच्या जीडीआय या तशाच एपीआयमध्येही अगदी त्याच नावांची आहेत. ओरडला तर बरंच, दुरुस्त करता येतं. न ओरडणारं जास्त वाईट.

उदाहरण ‘बूल’ या खरं-खोटं सांगणाऱ्या टाइपचं. विंडोजमध्ये तो ४ बाइटचा पूर्णांक. इंटेल मॅकवर ऑब्जेक्टिव्ह-सी मध्ये तोच १ बाइटचा चिन्हांकित कॅरेक्टर, आणि ॲपल सिलिकॉनवर (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर) खराखुरा बूलियन. विंडोजच्या जगात ‘शून्य नाही म्हणजे खरं’ एवढाच करार असतो, त्यामुळे एखादा बिट तपासून २५६ परत करणारं फंक्शन तिथे चोख असतं. ते २५६ एका बाइटमध्ये कोंबलं की उरतं शून्य. खऱ्याचं खोटं झालं, इशारा काही नाही. आणि ॲपल सिलिकॉनवर त्याच २५६ चं १ होतं, म्हणजे चूक एका मशीनवर दिसते आणि दुसऱ्यावर नाही. माझे दोन दिवस यात गेले, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय.

उपाय साधा आहे. कोकोचा कोड वेगळ्या फाइलींत ठेवा, त्यांना विंडोजची एकही हेडर दाखवू नका, आणि दोन्ही बाजूंना जोडणारी एकच शुद्ध सी मधली हेडर ठेवा. तिच्यात फक्त ‘इंट’, पॉइंटर आणि स्वतःचे स्ट्रक्ट. ‘बूल’ला तिथे प्रवेश नाही.

पायरी ६: मापं आणि दिशा

विंडोजमध्ये शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, वाय खाली वाढतो. कोकोमध्ये शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात, वाय वर वाढतो. मुख्य पडदा ९०० उंच, खिडकी ३०० उंच, तिचा तळ ५०० वर असेल तर विंडोजच्या हिशोबात तिचा वाय ९०० − (५०० + ३००) म्हणजे १००. इथवर सगळे बरोबर करतात. चुकतं दोन पडदे लावल्यावर. खिडकी दुसऱ्या पडद्यावर असली तरी वजाबाकी मुख्य पडद्याच्याच उंचीतून करायची. आणि त्याची उंची काढायला कोकोचा ‘मेनस्क्रीन’ वापरू नका! नाव फसवं आहे. तो सध्या कीबोर्डचा फोकस ज्या खिडकीवर आहे तिचा पडदा देतो. हवा असतो तो पडद्यांच्या यादीतला पहिला.

रेटिना, म्हणजे दाट पिक्सेलच्या, पडद्यावर मॅक पॉइंटमध्ये मोजतो आणि पाहुणा पिक्सेलमध्ये. सुरुवातीला पाहुण्याला पॉइंट हेच पिक्सेल म्हणून सांगा. चित्र थोडं धूसर येईल, पण गणित एकच राहील. खरे पिक्सेल देणारा पर्याय नंतर जोडा.

पायरी ७: कीबोर्ड, क्लिपबोर्ड आणि इतर किरकोळ

कीबोर्डमध्ये गंमत आहे. मॅकवर ‘ए’ या कीचा कोड शून्य आहे. ‘कोड शून्य नसेल तरच पुढे जा’ असं लिहिलंत तर सगळं चालेल, फक्त ‘ए’ उमटणार नाही. आणि कोणत्या कीबोर्ड लेआउटमध्ये कोणती की काय उमटवते हे विचारायचे जे एपीआय आहेत ते कार्बनच्याच घरातले, अजून हयात असलेले. कोकोमध्ये त्यांना पर्याय नाही. म्हणजे मेलेल्या घरातली एक खोली अजून वापरात आहे. ‘कार्बन अजिबात नको’ असा सोवळेपणा इथे करू नका. प्रत्येक फंक्शनचा शिक्का वेगळा तपासा.

क्लिपबोर्डवर विंडोज आणि मॅक दोघांनाही ‘डेटा आहे, पण मागितलात की देईन’ ही उधारी समजते, त्यामुळे तो भाग जुळतो. मॅक मात्र क्लिपबोर्ड बदलल्याची वर्दी देत नाही. बदलाचा एक आकडा असतो, तो अधूनमधून स्वतः बघायचा. आवाजासाठी कोअर ऑडिओ, सी मध्येच आहे, वाद नाही. फक्त त्याचा कॉलबॅक अतिशय घाईच्या थ्रेडवर येतो, तिथून पाहुण्याच्या कोडला हात लावू नका, मध्ये रिंग बफर (गोल फिरणारी तात्पुरती साठवण) ठेवा.

फाइलींच्या नावांत मराठी माणसाला एक खास अनुभव येऊ शकतो. जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं फोड करून साठवायची. ‘दुसऱ्या’मधला ऱ हा युनिकोडमध्ये एक वर्ण आहे, पण फोड केली की र आणि नुक्ता असे दोन होतात. पाहुणा एका नावाने फाइल लिहितो, फोल्डरची यादी मागितली की वेगळे बाइट परत येतात, आणि तो म्हणतो फाइल सापडत नाही. नव्या एपीएफएसवर दिलेलं नाव तसंच परत मिळतं, पण जुन्या डिस्क लोक अजून जोडतात. यादी देताना नावं जोडून द्या.

पायरी ८: कुठे नेटिव्ह व्हायचं नाही

उत्साहात सगळंच यजमानाच्या एपीआयवर न्यावंसं वाटतं. फॉन्ट नेऊ नका. पाहुण्याने बटणाची रुंदी विंडोजच्या अक्षरांच्या मापांवरून ठरवलेली असते. मॅकच्या कोअर टेक्स्टने रंगवलेली अक्षरं कदाचित जास्त सुबक येतील, पण माप पिक्सेलभर हललं की शेवटचं अक्षर बटणाबाहेर. वाइन मॅकवरही फ्रीटाइप ही अक्षरं रंगवणारी लायब्ररीच वापरतं. कोअर टेक्स्टला फक्त ‘फॉन्टच्या फाइली कुठे आहेत’ एवढं विचारतं.

थ्रीडीत उलट परिस्थिती. मॅकवरचं ओपनजीएल ४.१ वर अडकलेलं आहे आणि २०१८ पासून डेप्रिकेटेड. ॲपलचा जोर मेटल या स्वतःच्या थ्रीडी एपीआयवर. तुमच्याकडे डायरेक्टथ्रीडीचं (विंडोजच्या थ्रीडी एपीआयचं) व्हल्कन या दुसऱ्या थ्रीडी एपीआयमध्ये भाषांतर करणारा थर आधीच असेल तर व्हल्कनचं मेटल करणारं मोल्टनव्हीके खाली लावा. थेट मेटल नंतर. कार्बनचा धडा इथे पुन्हा गिरवायची गरज नाही.

पायरी ९: यजमान नाहीच म्हणाला तर

कधी कधी हवी ती सोय यजमान मुद्दामच देत नाही. वेलँडवर सामान्य प्रोग्रामला स्वतःची खिडकी पडद्यावर कुठे आहे हे कळत नाही आणि ती अमुक जागी ठेव असंही सांगता येत नाही. पाहुणा तर उठता-बसता तेच सांगतो. अशा वेळी आडवाटेने ती माहिती उकरू नका. पाहुण्याला हवं ते खोटं उत्तर द्या: ‘ठेवली बरं का तिथे’. पाहुण्याचा हिशोब आतल्या आत सुसंगत राहिला की बहुतेक प्रोग्राम समाधानी असतात. मेनू आणि टूलटिप मात्र मुख्य खिडकीच्या सापेक्ष जागेवर लावावे लागतात, ते वेलँड करू देतं. वाइनमध्ये वेलँडचा ड्रायव्हर जानेवारी २०२४ च्या ९.० आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आला, तोही असे बरेच खोटे हिशोब सांभाळूनच.

पायरी १०: जुना ड्रायव्हर लगेच फेकू नका

दोन्ही ड्रायव्हर शेजारी ठेवा आणि एका सेटिंगने बदलता येतील असं करा. वाइनमध्ये रजिस्ट्रीतल्या (सेटिंगच्या साठ्यातल्या) एका नोंदीत ‘मॅक,एक्स११’ असं लिहिलं की आधी पहिला, तो न जमल्यास दुसरा घेतला जातो. तक्रार आली की हा क्रम उलटा करून तीच कृती पुन्हा करा. दोन्हीकडे बिघडलं तर दोष तक्त्याच्या वर आहे, एकीकडेच बिघडलं तर त्या ड्रायव्हरमध्ये.

चाचणीला मोठे खेळ घेऊ नका. नोटपॅड उघडा, ‘ए’ दाबा, कड अर्धा मिनिट सलग ओढा, दुसऱ्या पडद्यावर न्या, तिथून मेनू उघडा, दुसऱ्या प्रोग्राममध्ये काही कॉपी करून इथे पेस्ट करा. माझ्या अनुभवात पहिल्या महिन्यातल्या बहुतेक चुका एवढ्यातच सापडतात. खिडकी गोठली तर पाहुण्याच्या थ्रेडमध्ये शोधत बसू नका. डीबगर आधी मुख्य थ्रेडला लावा आणि तो कुणाची वाट बघतोय ते पाहा.